कंडरेचा कस

"तीन कोटेशनं जोडल्याशिवाय हे टेंडर पुढं जाणार नाही, मॅडम," ऑफिसातले भोसले मला सांगत होते.

मी म्हणत होते, हे टेंडरच नाही. ते म्हणत होते, विषयाच्या ओळीत स्पष्ट लिहिलंय. शेवटी मी पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि चष्मा लावला. विषय: ह्यूमन टेंडन टेस्टिंगबाबत.

"टेंडन आहे, भोसले. शेवटी न आहे."

"टायपिंगची चूक असेल."

"अहो, ह्यूमन टेंडर असतं का कुठं?"

भोसलेंनी जरा विचार केला. "असतं की. मॅनपॉवरचं. सिक्युरिटी गार्डचं मागच्या वर्षी आपणच काढलं होतं."

असं ते पत्र अठरा दिवस पर्चेस कमिटीच्या फायलीत पडून होतं. ज्यांनी ते पाठवलं, त्या डॉक्टरबाई माझ्या मागंच उभ्या होत्या. हसावं की रडावं, ते त्यांचं ठरत नव्हतं.

मी सांगलीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स लॅबची इनचार्ज होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या लॅबचं काम सांगायला सोपं. वस्तू किती ओढली की तुटते, ते बघायचं. बांधकामाच्या सळया, साखर कारखान्याच्या साखळ्या, क्रेनचे वायररोप, पट्टे. वस्तूची दोन टोकं मशीनच्या दोन जबड्यांत पकडायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोर लागला आणि वस्तू किती लांबली, याचा ग्राफ कॉम्प्युटरवर येतो. तीस वर्षं मी लोकांच्या चांगल्या वस्तू तोडून त्यांना सर्टिफिकेट दिलं. पण माणसाचा कुठला भाग माझ्या मशीनवर येईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांचं नाव स्वाती मदने. मिरजेतल्या एका मेडिकल कॉलेजात हाडांच्या विभागात शेवटच्या वर्षाला होत्या. गाव आटपाडीकडचं, घरी मेंढ्या. त्यांनी लॅबमध्ये स्टुलावर बसून मला सगळं समजावलं.

टेंडन म्हणजे कंडरा. मांसाला हाडाशी बांधून ठेवणारी पांढरी दोरी. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरून बघा, तीच. शिकणारे डॉक्टर कंडरेला टाके घालायचा सराव फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या देहांवर करतात. फॉर्मलिनमध्ये देह टिकतो, पण कंडरा ताठ होते.

"म्हणजे हात चुकीच्या शाळेत शिकतो, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या वर्षी ऊसतोडीला कोयता लागलेला एक माणूस आला होता. बोटाची कंडरा तुटलेली. मी सरावातल्यासारखा दोरा ओढला. टाका कंडरा चिरत बाहेर आला. सरांनी परत घातला. पण त्याचं बोट अजून पूर्ण मिटत नाही."

प्रबंधासाठी त्यांना तीन गट तपासायचे होते. ताज्या कंडरा, फॉर्मलिनमधल्या आणि डीप फ्रीजरमध्ये गोठवलेल्या. सरावासाठी खऱ्याच्या सगळ्यात जवळ कुठली, ते शोधायचं. देहदान केलेल्या माणसांच्या कंडरा होत्या. नातेवाइकांची संमती, कमिटीची परवानगी, सगळी कागदपत्रं फायलीत. नमुने मोजके. एक वाया गेला तर दुसरा मागायला जायची सोय नाही.

मी हो म्हटलं. लॅबमध्ये पट्टे आणि दोऱ्या तपासायची छोटी मशीन होती. ती या कामाला चालण्यासारखी होती.

अडचण होती जाधव हवालदारांची. माण तालुक्यातले. फौजेत वीस वर्षं काढून आमच्याकडं लॅब अटेंडंट झालेले. मशीनवर नमुना चढवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"माणसाचं हाय व्हय?" ते दोन पावलं मागं सरले. "म्याडम, मला सळई द्या. रेल्वेचा रूळ द्या. ह्ये न्हाई जमायचं."

"हवालदार, या लोकांनी जिवंतपणी स्वतः लिहून दिलंय. माझ्या मागं माझा देह शिकायला वापरा म्हणून."

"सोताहून?"

"स्वतःहून."

ते दोन पावलं परत पुढं आले. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. "मंग मागं सरून कसं चालंल," म्हणाले.

खऱ्या नमुन्यांना हात लावण्याआधी सराव हवा होता. डॉक्टरांनी तिथंच वडिलांना फोन लावला.

"आण्णा, मेंढराचं पाय पायजेत. कापलेलं. ईस-पंचवीस."

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "आगं, हाटेल काढलंस का काय? डॉक्टरकी सोडली?"

तिसऱ्या दिवशी गोणी आली. आण्णांनी चाळीस पाय पाठवले होते, आणि पोरीचं मन राखायला म्हणून सोबत मसाल्याची पुडीही.

कंडरा काढायला डॉक्टरांना दोन तास लागले. तेवढ्यात लॅबच्या दाराशी कॅम्पसमधली झाडून सगळी कुत्री येऊन बसली. शांत, ओळीत, प्रॅक्टिकलला आल्यासारखी. पाच वर्षांत एवढी हजेरी माझ्या लॅबला लागलेली नव्हती.

पहिली कंडरा चढवली. मशीन सुरू केली. ग्राफ जरा वर गेला आणि धपकन खाली आला. कंडरा तुटली नव्हती, जबड्यातून सटकली होती. दुसरी जास्त आवळून धरली. जबड्याचे दात आत घुसले आणि ती धरलेल्या जागीच कापली गेली. त्याला तुटणं म्हणत नाहीत. वस्तू मध्ये तुटली तरच तो तिचा खरा जोर. पकडीत तुटली तर तो आपला अडाणीपणा.

मग पॉलिशपेपर लावून बघितला. सटकली. सुती पट्टी गुंडाळली. सटकली. वर्कशॉपच्या शिक्षकांनी एक जालीम गोंद दिला. त्यानं हवालदारांची दोन बोटं एकमेकांना चिकटली, कंडरा सटकली.

"आवं, लय निसरडं हाय ह्ये," हवालदार म्हणाले. "ओल्या साबणाचं लगीन लावल्यागत झालंय."

त्यात कॉम्प्युटरची वेगळीच गंमत. त्यातल्या यादीत कंडरा नव्हती. स्टील, ओतीव लोखंड, वायररोप आणि पट्टा, एवढेच पर्याय. मी वायररोप निवडला. संध्याकाळी डॉक्टरांच्या हातात सरावाचा पहिला छापील रिपोर्ट पडला. नमुना: वायररोप. निकाल: नापास. शेरा: सदर माल वजन उचलण्यास वापरू नये.

डॉक्टरांनी तो नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. "घरी दाखवते," म्हणाल्या. "आण्णा म्हणतील, मेंढरं वजन उचलत न्हाईत, म्हणून बरं."

चार दिवस असे गेले. पाय संपत आले. पाचव्या दिवशी हवालदार चहा पिता पिता एकदम थांबले.

"म्याडम, आमी वर बर्फात व्हतो तवा एक हुकूम व्हता. उघड्या हातानं बंदुकीच्या नळीला शिवायचं न्हाई. नव्या पोरानं शिवलं, की कातडं लोखंडाला चिकटलंच. सोडवाय गेलं तर सोलून यायचं."

"मग?"

"मंग काय? जबडा थंड करायचा. टोकं आपसूक धरून बसतील."

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं. परदेशी लॅबमध्ये अशी गोठवणारी पकड वापरतात, हे त्यांनी वाचलं होतं. पण त्यासाठी लागणारा कोरडा बर्फ आम्हाला त्या दिवशी सांगलीत कुठं मिळाला नाही.

"पॉट आईस्क्रीम कसं करत्यात?" हवालदारांनी विचारलं. "बर्फ आन् खडामीठ. दूध गोठतंय, तर ह्ये का न्हाई गोठायचं?"

बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्याही बराच खाली जातो. हे मी स्वतः पोरांना शिकवत आले होते. सुचलं मात्र त्यांना. त्यांनी मिरजेच्या बर्फ कारखान्यातून लादी आणली आणि पोत्यात घालून हातोड्यानं फोडली. बर्फ-मिठाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्ही जबड्यांभोवती बांधल्या. कंडरेचा मधला भाग गोठता कामा नये, म्हणून डॉक्टर तिथं सलाइनमध्ये भिजवलेला कापूस धरून उभ्या. जबड्यांवर बर्फाचा पांढरा थर धरला. हवालदारांनी बोटानं अंदाज घेतला आणि मान हलवली. मशीन सुरू केली.

ग्राफ चढत गेला. चढतच गेला. मग कंडरा बरोबर मधोमध, एकेक धागा सोडत तुटली. कट, कट, कट असा बारीक आवाज आला.

आम्ही तिघं ओरडलो. बाहेरची कुत्रीही ओरडली. भोसले धावत आले आणि खाली सांडलेलं मीठ बघून त्यांनी विचारलं, मशीनची दृष्ट काढताय का.

मग खरे नमुने आले. लसीच्या डब्यात, बर्फात घालून. डॉक्टर डबा मांडीवर घेऊन मिरजेहून रिक्षानं यायच्या. त्या दिवसांत लॅबमध्ये कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. प्रत्येक नमुन्याआधी हवालदार टोपी काढायचे आणि झाल्यावर घालायचे.

ताज्या कंडरा चांगल्या ओढल्या गेल्या. फॉर्मलिनमधल्या डॉक्टरांनी सांगितल्यासारख्याच निघाल्या. ताठ, सुकल्या चामड्यासारख्या, कमी लांबणाऱ्या. हाताला फुकटचा भरवसा देणाऱ्या.

घोळ झाला तिसऱ्या गटात. नीट गोठवून एकदाच वितळवलेली कंडरा जवळजवळ ताज्यासारखी वागते, असं डॉक्टरांची पुस्तकं सांगत होती. आमच्या मात्र भिजल्या सुतळीसारख्या सुटत होत्या. एक नाही, दोन नाही, ओळीनं पाच.

डॉक्टरांनी त्यांच्या गाइडना फोन केला. हे गाइड म्हणजेच त्यांचे विभागप्रमुख. त्यांनी फोन मला द्यायला सांगितला.

"मॅडम, राग मानू नका. तुमची मशीन सळया तोडायची. नाजूक काम तिला झेपलं नसेल."

मला माझ्या स्वयंपाकाबद्दल कुणी काहीही बोललं तरी चालतं. मशीनबद्दल चालत नाही. मी त्याच दुपारी ठरलेली वजनं टांगून मशीन तपासली. काटा केसाइतकाही इकडंतिकडं नव्हता. शिवाय साधी गोष्ट होती. मशीन बिघडली असती तर तिन्ही गटांना बिघडली असती. तिसऱ्याच गटाशी तिचं काय वैर?

"फ्रीजर कोण बघतं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"मीच. रोज दुपारी, ओपीडी संपल्यावर. कायम गोठलेलंच असतं सगळं."

"रोज म्हणजे रविवारीसुद्धा?"

"रविवारी विभाग बंद असतो."

"सोमवारी सकाळी बघितलंयत कधी?"

"सोमवारी तुम्हीही या, मॅडम," त्या म्हणाल्या.

सोमवारी विभाग उघडायच्या वेळेला आम्ही दोघी मिरजेत दारात उभ्या होतो. कुलूप उघडलं बंडूमामांनी, तिथल्या जुन्या शिपायांनी. डॉक्टरांनी स्टोअररूममध्ये जाऊन फ्रीजरचं झाकण उचललं. आतून थंड वाफ आली नाही. पिशव्यांवरची नावाची शाई ओघळून निळी झाली होती. तळाला बोटभर बर्फाचा थर होता आणि त्यावर पाणी. डॉक्टरांनी एक पिशवी दाबून बघितली. मऊ.

"थांबा थांबा, बटन लावतो," म्हणत बंडूमामा आले आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. फ्रीजर घरघरला.

"मामा," डॉक्टर पिशवी हातात धरूनच म्हणाल्या. "हे बंद कधी केलंत?"

"शनवारी. जाताना."

"दर शनिवारी?"

"दर शनवारी बंद, सोमवारी चालू. चार म्हयनं झालं, एकबी शनवार चुकवला न्हाई." मामांचा चेहरा उजळला होता. "आजारी व्हतो तवा पोराला पाठवलं, पण बंद केलंच."

"पण कुणी सांगितलं तुम्हाला?"

मामांनी दाराकडं बोट दाखवलं. तिथं कागद चिकटवलेला होता. वीज बचतीबाबत. शनिवारी विभाग बंद करताना सर्व बटणे बंद करण्यात यावीत. आदेशाचे पालन न करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. खाली विभागप्रमुखांची सही. झोकदार, दोन रेघांची.

डॉक्टर तिथंच एका खोक्यावर बसल्या. मला वाटलं, चिडतील. पण त्यांचे डोळे भरले होते. "त्या माणसांनी दिलं होतं, मॅडम," एवढंच म्हणाल्या. "आणि आपण दर आठवड्याला..."

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. कागद दाखवला, मग फ्रीजर दाखवला. त्यांनी स्वतःचीच सही दोनदा वाचली.

"हे मी पंख्यांबद्दल लिहिलं होतं," ते म्हणाले.

"सर्व म्हंजी सर्व, सायेब," बंडूमामा म्हणाले.

सर माझ्याकडं बघायचं टाळत होते, आणि मीही त्यांना काही सोडवलं नाही. मग त्यांना वाट सापडल्यासारखी झाली.

"असं करू. या चौथ्या गटात घालू. वारंवार गोठवलेल्या आणि वितळवलेल्या. उलट चांगलंच झालं. आपण ठरवूनच तसं केलं होतं, असं लिहा."

डॉक्टर उभ्या राहिल्या. "न्हाई, सर."

शहरात शिकल्यापासून त्या घरच्यांशिवाय कुणाशी असं गावाकडचं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी आपोआप आलं.

"ठरवून न्हाई केलं. घडलं तसंच लिहिणार. त्या माणसांनी खोट्यासाठी न्हाई दिलेलं."

प्रबंधावर सही सरांची लागणार होती. ती मिळाली नाही तर वर्ष वाया. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, बंडूमामा सोडून. ते बिचारे आपलं काय चुकलं, ते शोधत उभे होते.

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "लिहा," शेवटी म्हणाले. "फक्त माझं नाव घालू नका."

"विभागीय परिपत्रकामुळं, असं लिहू?"

"चालेल." मग मला म्हणाले, "मॅडम, मशीनबद्दल मी बोललो ते..."

"असू दे," मी म्हटलं. "ती सळया तोडते. तिला एवढं लागत नाही." मला लागलं होतं, ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरांना थांबावं लागलं. मुदतवाढीचा अर्ज केला. तीन महिन्यांत नवीन नमुने मिळाले. मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा देह होता. त्यांच्या मुलाला डॉक्टरांनी स्वतः भेटून आधी काय झालं होतं, ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई वर्गात बटणं तपासूनच बाहेर पडायची, या वेळी तुम्ही तपासा. या वेळी कंडरा एकदाच गोठल्या आणि एकदाच वितळल्या. ग्राफ काढला. ताज्यांच्या ग्राफवर ठेवला. दोन रेघा बहिणींसारख्या दिसत होत्या.

हवालदार बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. "शाळेच्या बाईंनी लाज राखली," म्हणाले आणि टोपी घातली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. पहिल्या तीन गटांबद्दल त्यांनी जुजबी विचारलं आणि चौथ्यापाशी थांबले.

"हा गट का निवडलात?"

"निवडला नाही, सर. झाला."

आणि डॉक्टरांनी सगळं सांगितलं, परिपत्रकासकट. परीक्षक इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाले, याच गटाचा जास्त उपयोग आहे. आपल्याकडं वीज जाते, येते. कितीतरी ठिकाणी सरावाच्या कंडरा अशाच चार वेळा वितळलेल्या असतील आणि कुणाला पत्ताही नसेल. डॉक्टर पास झाल्या. आता विट्यात असतात. मिरजेच्या त्या कॉलेजात मुलांचा सराव आता एकदाच गोठवलेल्या कंडरेवर होतो.

विभागप्रमुखांनी नवं परिपत्रक काढलं. फ्रीजरचे बटण कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. पुढच्याच महिन्यात फ्रीजर दुरुस्तीला मेकॅनिक आला. सरांनी सगळ्या पिशव्या आधीच दुसरीकडं हलवून ठेवल्या होत्या. तरी बंडूमामांनी मेकॅनिकला बटणाला हात लावू दिला नाही. सर स्वतः येऊन सांगू लागले, तर मामा म्हणाले, "लेखी द्या."

मी इतकी वर्षं वस्तू तोडल्या. त्यातून शिकले ते एवढंच. एखादी वस्तू अपेक्षेच्या आधी तुटली, तर लगेच तिला दोष द्यायचा नाही, आणि मशीनला तर मुळीच नाही. इतके दिवस ती कुठं आणि कशी ठेवली होती, ते जाऊन बघायचं. उत्तर बहुतेक वेळा तिथल्या भिंतीवरच चिकटवलेलं असतं, आणि खाली सही असते.